रझियानं बदललेली बटणं

रझिया, तुझ्या खुर्चीवर आता मला बसवलंय.

क्लासचे सर म्हणाले, काकू, तुमच्याशिवाय त्या मशीनचं कुणाला काय कळतंय, रविवारची टेस्ट आलीय, तुम्हीच बघा. मी हाव म्हणाले नाही, न्हाई पण म्हणाले नाही, जाऊन बसले. खुर्ची तुझ्या उंचीला लावलेली, माझे पाय काही जमिनीला टेकेनात. खालची दांडी ओढली की खुर्ची खाली येते हे मला ठाऊक आहे, पण हात गेला नाही. पहिल्या दिवशी बाकावर बसवलेल्या पोरीसारखी पाय लोंबकळत ठेवून बसले.

दार बंद होतं. आपली ती खोली म्हणजे काय, खिडकी नाही, एक दार, एक एसी, तो पण माणसांसाठी नाही, मशीनसाठी. तू दाराला तो मेलेला प्रिंटर लावून ठेवायचीस, दार मिटू नये म्हणून. गार हवा बाहेर जाते म्हणून सर ओरडायचे, आणि तू म्हणायचीस, हवा गेली तर चालंल सर, मला जाता आलं पाहिजे नं. तुझ्या माघारी कुणीतरी साफसफाई काढली आणि प्रिंटर भंगारात गेला. आता दार आपोआप मिटतं. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसले, पण ही खोली अशी अंगावर येते हे मला आता कळलं.

तू जाऊन चाळीस दिवस पण झाले नाहीत, तुझा चाळिसावा अजून व्हायचाय. तुझ्या अम्मी गावाकडंच आहेत, त्यांना फोन केला की त्या एक वाक्य बोलतात आणि फोन तुझ्या भावाकडं देतात. माझ्या घरी मी एकटी. बोलायची सवय मला तूच लावलीस आणि बोलायला माणूस ठेवलं नाहीस, म्हणून हे लिहून राहिले. माझी शाळा दहावीपर्यंतची, त्यामुळं मी बोलते तसंच लिहिते. तूच म्हणायचीस, आक्का, तुझ्या मेलमधून पण आवाज येतो.

मी त्या क्लासमध्ये आले ती पेपरचे गठ्ठे बांधायला. माझी पोरं पुण्याला गेली, ब्लाऊज शिवून शिवून डोळे दुखायला लागले, आणि लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. चाकूरची, औश्याची, पार देगलूरकडची पोरं इथं खोल्या घेऊन राहायची, मेसचं खायची आणि दर रविवारी टेस्ट द्यायची. उत्तराचे गोल काळे केलेले कागद आपल्या खोलीत यायचे, स्कॅनरमधून जायचे, मशीन मार्क काढायची, आणि संध्याकाळी गावाकडं बापाच्या मोबाईलवर मेसेज जायचा. पोरगं मेसमधून जेवून खोलीवर पोचायच्या आत बापाला त्याचे मार्क कळलेले असायचे. सरांच्या जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात होतं.

आणि ती मशीन. माउस नाही, चित्रं नाहीत, काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. काय पाहिजे ते टाइप करून हुकूम द्यायचा. ज्यानं ती बसवली तो हैदराबादला नोकरीला निघून गेला. जाताना रोजच्या कामाचा एक पासवर्ड तुला देऊन गेला, आणि नवं खातं काढायचा, मोठा पासवर्ड डोक्यात घेऊन गेला. म्हणजे एकच खातं, त्यातच तू, त्यातच मी, त्यातच जो येईल तो.

पहिल्या दिवशी तू मला बसवलंस आणि मी दोन मिनिटांत मशीन मारून टाकली, आठवतं? आपल्याकडं लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नसायचा. वर्डमध्ये बिलं टाइप करताना मला सवयच लागलेली, ओळ झाली की कंट्रोल आणि एस. शब्द झाला तरी कंट्रोल आणि एस. सगळं लातूर तसंच टाइप करायचं. एका हातानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचवायचं. मी काळ्या पडद्यावर पहिला हुकूम लिहिला, सवयीनं कंट्रोल-एस दाबलं, आणि पडदा जागच्या जागी थिजला. काही दाबा, काही उठेना. वाटलं, गेली आता, सरांची एवढी महागाची मशीन.

तू हात लांब करून दोन बटणं दाबलीस आणि माझं आतापर्यंतचं सगळं टाइप केलेलं एकदम पडद्यावर धावत आलं. कंट्रोल-क्यू. 'मेली नाही आक्का,' तू म्हणालीस, 'तूच तिला थांब म्हणालीस, ती थांबली. तुझं सगळं ऐकत होती, बोलत नव्हती फक्त.' तिथं एस म्हणजे थांब आणि क्यू म्हणजे चल, फार जुन्या काळापासून तसंच आहे म्हणे.

मी म्हणाले, लक्षात ठेवते. पण हात कसला लक्षात ठेवतो. त्या दिवशी मी मशीन किती वेळा गोठवली ते देव जाणे. शेवटी तू मला उठवलंस, स्वतः बसलीस, एका फायलीत एक ओळ लिहिलीस आणि म्हणालीस, आता दाब. दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही झालं नाही. तू ते थांब म्हणणंच काढून टाकलं होतंस.

मला ते पटलं नव्हतं. मी म्हणाले, चूक माझी आहे, माझी सवय मोडायला पाहिजे. तू म्हणालीस, 'एकाची सवय मोडायचीच आहे तर मशीनची मोडू नं. तिला कुठं दुखतंय.'

आपलं भांडण तिथून सुरू झालं बघ, आणि ते अजून चालू आहे.

तुझ्या हाताचं मला आधी कळलं नव्हतं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकत नव्हतं, तू ते पदराखाली नाहीतर ओढणीखाली ठेवायचीस. कंट्रोल दाबायचं काम नेमकं त्याच करंगळीचं. भूकंपात किल्लारीकडची गावं गेली, त्यात तुमचं गेलं. तू तेव्हा लहान होतीस, माळवदाखाली, दगडमातीत, दुपारपर्यंत. मी तुला त्याचं कधी विचारलं नाही. तू एकदाच आपणहून बोललीस, आपण चहा पीत होतो, मधेच म्हणालीस, 'वर माणसं एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होती आक्का. सगळ्यांची नावं येत होती. माझं येत नव्हतं.' मग म्हणालीस, साखर कमी पडलीय. मी उठून साखर आणली.

अम्मीचा किस्सा मात्र तू रंगवून सांगायचीस. सरकारनं नवं गाव वसवलं, सरळ रेघा, सारखी घरं, घराला एक दार. अम्मी म्हणाल्या, एक दार असलेल्या घरात मी झोपत नाही. मागची भिंत फोडून दुसरं दार काढायला त्यांनी गवंडी बोलावला. ओव्हरसियर धावत आला, बाई, हे घर भूकंपात टिकावं असं बांधलंय, भोक पाडू नका, भिंत कमजोर होईल. अम्मी म्हणाल्या, 'घर टिकंल रं बाबा, आत कोण हाय त्याचं काय?' दार निघालं. तू त्या ओव्हरसियरची नक्कल करायचीस, डोक्याला हात लावून, आणि मी हसता हसता ठसकायचे. पण नंतर घरी गेल्यावर मला वाटायचं, तो पण काय खोटं बोलत नव्हता बिचारा.

तू तुझी दारं काळ्या पडद्यात काढलीस. कंट्रोल धरून जे जे करायचं ते सगळं उचललंस आणि एस्केपवर नेलंस. एस्केप धरून ठेवावं लागत नाही, एकदा टिचकी मारायची, सोडायचं, मग अक्षर दाबायचं. एस्केप आणि ए, की रेघ ओळीच्या सुरुवातीला. एस्केप आणि के, की पुढचं सगळं साफ. मागं कधीतरी दिलेला हुकूम शोधायचा तर एस्केप आणि आर. रोजची लांबलचक कामं वरच्या एफच्या रांगेत बसवलीस, एफ पाचला स्कॅनरचे कागद वाच, एफ सहाला गैरहजर काढ, एफ सातला मार्क लाव, एफ आठला सगळ्या पालकांना मेसेज. एक बटण दाबायचं आणि पानभर हुकूम आपोआप उमटून एंटर पण दाबला जायचा. पेटीवाला बोटं न बघता वाजवतो तशी तू वाजवायचीस.

एक बटण मात्र तू हलवलं नाहीस. चालू काम मधेच तोडायचं असलं की कंट्रोल आणि सी. उजवा हात आडवा घालून तुला ते जमलं असतं, मी तुला करताना दारातून बघितलंय, मी खोलीत नसले की करायचीस. पण मी असले की म्हणायचीस, 'आक्का, थांबव.' मी कुठं असंल तिथून, हातातलं टाकून यायचे आणि दाबायचे. तू थँक्यू म्हणायची नाहीस, मी का म्हणून विचारायची नाही.

माझं म्हणणं साधं होतं. मी शिवणकाम केलेली बाई. तू मला टोमणा मारायचीस, शिंपीण असून रेडिमेडची बाजू घेतेस काय. मी म्हणायचे, अगं, मापानं काय शिवायचं, जे कापड एकाच अंगावर जाणार आहे ते. ही मशीन म्हणजे सगळ्यांनी वापरायची सतरंजी. शिवताना सुद्धा आत कापड राखून ठेवतात, उद्या अंग भरलं तर उसवून मोठं करता येतं. तू अंगासरशी शिवून टाकलंस, आत सुताएवढी जागा ठेवली नाहीस. उद्या मी दुसऱ्याच्या मशीनवर बसले तर काय करू? तू म्हणायचीस, बसू नक्को.

आणि बसावं लागलं. सरांनी नांदेडला शाखा काढली आणि मशीन बसवायला मला पाठवलं, तुला सोडवेना म्हणून. तिथं कोरी मशीन, कोरा कीबोर्ड, मागं नांदेडचे सर, त्यांचे दोन भाऊ, चहा, बिस्किटं, सगळे बघत उभे, लातूरहून मॅडम आल्यात. मी एस्केप आणि ए दाबलं, काहीच झालं नाही. एफ पाच दाबलं, एक विचित्र चिन्ह उमटलं. मग घाबरून मी, सांगायला नको, कंट्रोल-एस. पडदा थिजला. आणि रझिया, मला क्यू आठवेना. तू मला इतकं सोयीत ठेवलंस की मला सुटायचं बटणच विसरायला झालं होतं. मी हसून म्हणाले, रेंजचा प्रॉब्लेम दिसतोय, आणि बाहेर जाऊन तुला फोन लावला.

तू इतकी हसलीस की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणालीस, क्यू, आक्का, क्यू.

परत आल्यावर मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. मग बोलले तेव्हा भडाभडा बोलले. तू मला लाडावून अपंग केलंस म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि माझी नजर तुझ्या हातावर गेली. तू ओढणी सारखी केलीस आणि म्हणालीस, 'असू दे. अपंग नं, मग दोघी मिळून एक धड बाई होतो की.'

त्यानंतर तू औश्याला मावसबहिणीच्या लग्नाला गेलीस तो रविवार. मी पण नव्हते, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. ऑफिसातल्या मनीषाला बसवलं. अर्धे कागद स्कॅन झाले होते, पडद्यावरचं काहीतरी वर पळालं, ते खाली आणायला तिनं वरच्या रांगेतली बटणं एकेक करून दाबून बघितली. सहा, सात, आठ. मेसेज गेले. ज्यांचे कागद अजून गठ्ठ्यात होते त्या सगळ्यांच्या बापांना गेलं की तुमचा पाल्य आज गैरहजर होता. फोन पेटले. चाकूरचा एक बाप मिळंल त्या जीपनं आला, पोराच्या खोलीवर जाऊन आधी दोन ठेवून दिल्या आणि मग विचारलं, कुठं होतास. पोरगं रडत सांगतंय, पेपर दिला, आणि बाप मोबाईल नाचवतोय.

सरांनी तुला लग्नातून बोलावून घेतलं. हातावरची मेंदी घेऊन तू आलीस. सर वाईट माणूस नाहीत, मी आज पण म्हणते. तुझ्या अम्मीच्या ऑपरेशनला त्यांनीच गाडी दिली, तुझ्या मय्यतीला त्यांनीच सगळ्यांत पुढं खांदा दिला आणि कोपऱ्यात जाऊन रडले. पण त्या दिवशी ते घाबरले होते. म्हणाले, यापुढं रझिया मॅडमशिवाय त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. तू म्हणालीस, सर, मी दोन रीती करून ठेवते, एक माझ्या हाताची, एक सगळ्यांची, ज्याला जी पाहिजे ती उघडंल. ते म्हणाले, मॅडम, चालतंय नं? मग काही बदलू नका. काही म्हणजे काहीच नाही.

तू माझ्या घरी येऊन हे सगळं सांगितलंस आणि म्हणालीस, बढती झाली आक्का, खुर्चीला बांधली.

आपण हसलो. तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं होतं.

नांदेडला तुझी बहीण नसीम. तिच्या ओळखीनं तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तुझी जागा पक्की झाली होती. दहा ते पाच, रविवार सुट्टी, मोठ्या खिडक्या. तू मला खिडक्यांचंच सांगितलंस आधी, पगाराचं नंतर. नसीमच्या घराला पुढं दार, मागं दार, वर गच्ची. सर म्हणाले, ही टेस्ट सिरीज होऊ द्या. ती झाली. मग म्हणाले, क्रॅश कोर्स आहे, तेवढा काढा. मग रिपीटर पोरांची नवी बॅच आली. सर खरं बोलत होते, तू गेलीस तर रविवारी निकाल लागणार नव्हता. कॉलेजवाल्यांनी पुष्कळ वाट बघितली, मग दुसरं माणूस घेतलं, मग पुन्हा जागा निघाली, पुन्हा विचारलं. छातीत जड वाटतं म्हणून तू डॉक्टरकडं गेलीस, त्यांनी मोठी तपासणी सांगितली. ती पण टेस्ट सिरीजच्या मागं जाऊन उभी राहिली.

मी तुला म्हणाले होते. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, भांडण पुरं व्हावं म्हणून सांगते. मी म्हणाले, काढून टाक ती सगळी बटणं, मशीन आली होती तशी कोरी कर, कुणीपण बसंल, आणि तू जा. दुपारची वेळ होती, दाराला प्रिंटर लावलेला, बाहेर पोरांचा गलका. तू कीबोर्डवर हात ठेवून बसली होतीस.

'कोरी केली तर मी काम कशानं करू आक्का?' तू म्हणालीस. 'जाईपर्यंत तरी मलाच करायचंय नं. आणि नाही केली तर मला कोण सोडतंय. दार म्हणून काढलं मी हे. मीच मला आत घालून वरून कडी लावून घेतली.'

मी म्हणाले, मग मी शिकवते त्या मनीषाला तुझी बटणं. तू मान हलवलीस. माझ्या हाताचं तिनं का शिकावं म्हणालीस. तिला दहा बोटं आहेत.

माझं सगळं म्हणणं तूच बोलून दाखवलं होतंस, आणि जिंकल्यासारखं तर काहीच वाटत नव्हतं.

तू गेलीस त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. आपल्या लातुरात नळाला पाणी आलं की आधी शेजाऱ्याला उठवायचं. शेजारीण तुला उठवायला आली. कडी लावलेली नव्हतीच, तू कधी लावायची नाहीस, आपल्या ऑफिसच्या बाथरूमची पण लावायची नाहीस, मी बाहेर उभी राहायचे. तिनं दार ढकललं, हाक मारली. नाव घेऊन मारली, रझिया, पाणी आलंय. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, नाव घेऊन हाक मारली नं? ती म्हणाली, हाव, दोनदा. तिला वाटलं असेल म्हातारी काय विचारतीय.

बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी तुमच्या दारापर्यंत आले. नसीमनं मला मिठी मारली आणि म्हणाली, आक्का, तिची खोली तयार होती हो, पडदे पण लावले होते.

तर मी खुर्चीवर बसले. एस्केप दाबलं, ए दाबलं. रेघ पळत सुरुवातीला गेली. माझी बोटं तुझ्यासारखी चालत होती, डाव्या हाताची करंगळी मी आपोआप वर उचलून धरली होती, तुझ्यासारखी. माझी करंगळी चांगली आहे गं. पण तुझ्या शेजारी बसून शिकले, तसाच हात पडला. सर दारातून बघत होते, त्यांचा जीव भांड्यात पडला होता. म्हणाले, काकू, तुम्ही आहात तोवर चिंता नाही. मला एकदम ते दार दिसलं, मिटणारं. मी आहे तोवर. म्हणजे मी पण आहे तोवर इथंच. तू जिथं बसून गेलीस तिथं मी बसून जायचं, आणि मग माझ्यानंतर कुणीतरी माझ्या शेजारी बसलेली.

शनिवारी सर औरंगाबादला गेले. मी ती फाईल उघडली. नावाआधी टिंब असलेली, नुसतं बघितलं तर दिसत नाही अशी. तुझ्या ओळी एकाखाली एक. उसवायला बसले, खरं सांगते, कापड उसवताना जसं बसते तसंच, चष्मा लावून, उजेडाकडं तोंड करून, पण तिथं उजेड कुठला. आणि बघ कसं असतं, तुझ्या ओळी पुसायला तुझीच बटणं वापरावी लागली, माझ्या बोटांना दुसरी ठाऊकच नाहीत. एफ पाच गेलं. सहा, सात, आठ गेले. एस्केपची सगळी गेली. एक कॉपी काढून घरी ठेवावी असं वाटलं. हात तिथपर्यंत गेला पण होता. मग म्हटलं, तुझा हातच राहिला नाही, त्याच्या मापाचं घेऊन मी काय पेटीत ठेवू? अम्मीनं तुझे कपडे सुद्धा वाटून टाकले. नाही काढली. त्या रात्री मला त्याचा पस्तावा झाला, आज पण होतो, ते पण लिहून ठेवते.

माझ्यासाठी लिहिलेली ती पहिली ओळ सगळ्यांत शेवटी पुसली. तिला जास्त वेळ लागला.

मनीषाला आणि तिच्या जोडीला अजून एकीला बोलावलं. कोऱ्या मशीनचं कोरं काम तिघींनी मिळून शिकलो. लांब लांब हुकूम हातानं लिहायचे, चुकायचे, पुन्हा लिहायचे. मनीषा त्या दिवसानंतर मशीनला भ्यायची, तिला म्हणाले, दाब गं, आता इथं काही फुटत नाही. दार उघडं राहावं म्हणून मी त्यात खुर्ची अडकवून ठेवली होती.

रविवारी टेस्ट झाली. कागद आले. तू असतीस तर संध्याकाळचा चहा यायच्या आत मेसेज गेले असते. आम्ही चाचपडत राहिलो, रात्र झाली, मी पोरींना घरी पाठवलं आणि म्हणाले, उद्या. सर परत आलेले, त्यांना सांगितलं, काय केलं ते पण सांगितलं. ते खुर्चीवर बसून फोनकडं बघत राहिले. आम्ही दोघंही फोन यायची वाट बघत होतो, त्या गैरहजरच्या दिवशी आले तसे.

सोमवारी दुपारी मेसेज गेले. सर खोलीत आले, म्हणाले, उशीर झाला काकू. मी म्हणाले, हाव, झाला. ते म्हणाले, कुणाचा फोन? मी म्हणाले, न्हाई. ते लेक्चरला गेले.

त्यांच्यामागं मी तिथंच बसून राहिले, रझिया, ऑफिसचा फोन पुढ्यात घेऊन. मला वाटत होतं एखादा तरी यावा. चाकूरचा नाहीतर औश्याचा एखादा तापट बाप यावा, शिव्या द्याव्यात, म्हणावं की आमच्या पोराचे मार्क आम्हाला रविवारीच पाहिजेत, सोमवारपर्यंत आम्ही थांबू शकत नाही. म्हणजे तू थांबलीस ते कशासाठी तरी होतं, असं मला धरता आलं असतं.

संध्याकाळी लाइट लावेपर्यंत बसले. कुणाचाच आला नाही.